उलटी शिंक

पहिल्यांदा झालं तेव्हा लेट शिफ्टहून येऊन मी पोळी लाटत होते.
डग्लसनं मान ताणली, पुढचे कोपर बाहेर काढले,
आणि नाकानं हवा आत, आत, आत,
बिघडलेल्या पंपासारखी घुर्र घुर्र ओढत
माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच काहीतरी केलंय.

डंडीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री अकराला,
तव्यावर पोळी जळतेय
आणि साडेनऊ किलोचं कुत्रं छातीशी धरून मी उभी.
तोंडातून आपसूक निघालं, शतंजीव.
खालून मिसेस गिलक्रिस्टनं झाडूचा दांडा छताला ठोकला.
सकाळी जिन्यात म्हणाली, डुक्कर पाळलंस का गं?

व्हेट म्हणाला, व्हिडिओ आहे का?
तेवीस होते.
चार त्यानं पाहिले, बिस्किट बुडवत.
एकात माझा आवाज होता, काही नाही रे, काही नाही रे,
इतका मऊ की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

उलटी शिंक, म्हणाला. बाहेर जायची ती आत येते.
अर्धा पग आहे, अर्धा कोण ते देवाला ठाऊक,
टाळू लांब पडते अशांची.
जिवाला काही नाही.
नाकातून रक्त आलं, हिरड्या निळ्या दिसल्या तर मात्र लगेच या.
एरवी गळ्यावरून हात फिरवा,
नाकपुड्या क्षणभर झाका, म्हणजे तो गिळेल.
गिळलं की थांबतं.

गळ्यातला पट्टा गेला, हार्नेस आला.
उदबत्ती गेली. गणपती आता बिनवासाचा,
त्याची तक्रार नाही, सोंड असून.
आणि एक वही केली, गॅसबिलांच्या मागच्या कोऱ्या बाजू शिवून:
मंगळवार, सहा दहा, पोस्टमन येऊन गेल्यावर.
गुरुवार, दोनदा, टे नदीवरून धुकं चढलं तेव्हा.
शुक्रवार, विनाकारण.
शनिवार, विनाकारण, पण लांबली. मी चाळीसपर्यंत मोजले.

निघताना कुणी शिंकलं की आई चपला काढायला लावायची,
घोटभर पाणी, पाच मिनिटं बूड टेकायचं.
मी इकडे यायला निघाले त्या दिवशी दिगूदादा शिंकला, ऐन उंबऱ्यात.
मुद्दाम शिंकला असं मला अजून वाटतं.
मी बसले. बाहेर टॅक्सी हॉर्न देत होती.
पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.
त्याला सव्वीस वर्षं झाली.

सरळ शिंकेनं जाणारा अडतो,
मग उलटीनं काय होतं?
गेलेलं माणूस परत येतं?
पंचांगात हे नसणार. व्हेटला विचारण्यासारखं नाही.

रविवारी दादाचा फोन.
आधी गुडघा, मग पाणीपट्टी,
मग काही कारण नसताना,
आई शेवटी तुझंच नाव घेत होती, तू आली नाहीस.
आमच्यात नेमकी कुठे माशी शिंकली
ते दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही,
पण उत्तर माझ्याकडे तयार होतं, व्हिसाचं, पैशांचं,
त्यानंच उशिरा कळवल्याचं, तारखेनिशी.
मी श्वास आत ओढला.
आवाज आला.
डग्लसनं झोपेतून एक कान उचलला.

हात कधी गळ्याशी गेला कळलं नाही,
वरून खाली, वरून खाली, व्हेटनं दाखवलं तसा.
ऐकतेयस ना, दादा म्हणाला.
हो.
तिकडे थंडी असेल, म्हणाला.
हो, आहे.

फोन ठेवला आणि वही ओढली.
रविवार, अकरा वाजून वीस, एकदा.
कुत्रा झोपलेला.